परतलेल्या भाजीचा सॉस घरी करताना : घटक, त्यांची कामे, कृती आणि साठवण

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• सॉसमधील प्रत्येक घटक नेमके कोणते काम करतो, हे सांगता येईल.
• चार जणांसाठी सॉसचे प्रमाण ठरवता येईल आणि घरात एखादा जिन्नस नसेल तर पर्याय निवडता येईल.
• कृत्रिम रंगाशिवाय सॉसला लाल रंग कसा आणावा, हे समजेल.
• सॉस किती दिवस ठेवावा आणि लसूण घातलेला सॉस बाहेर का ठेवू नये, याची कारणे देता येतील.

१. प्रस्तावना

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात संध्याकाळी फेरफटका मारला, तर हातगाडीवरच्या मोठ्या कढईतून येणारा लसूण आणि सोया सॉसचा वास ओळखू येतो. कर्नाटकात गोबी मंचुरियन हा आता चाटइतकाच रुळलेला पदार्थ आहे. त्याचे मूळ मात्र फार जुने नाही. 'मंचुरियन' या पदार्थाचे श्रेय मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करणाऱ्या नेल्सन वाँग यांना दिले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची ही आपल्याकडची फोडणी, तिच्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि वर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा, अशी ती १९७५च्या सुमाराची जुळणी होती. कोंबडीचा पदार्थ पुढे फ्लॉवरचा झाला आणि देशभर पसरला.

मार्च २०२४मध्ये हा पदार्थ वेगळ्या कारणाने बातम्यांत आला. कर्नाटकच्या आरोग्य खात्याने राज्यभरातून गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले. त्यांपैकी १०७ नमुन्यांत टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन यांसारखे कृत्रिम रंग आढळले. त्यानंतर राज्याने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. 'बुढ्ढी के बाल' या मिठाईत तर रोडामाइन-बी हा कारखान्यात वापरायचा रंग सापडला होता, त्यावरही बंदी आली. जून २०२४मध्ये कबाबांमधील कृत्रिम रंगांनाही मनाई झाली. त्याच वर्षी जानेवारीत गोव्यात म्हापसा नगरपालिकेने श्री देव बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी गोबी मंचुरियनच्या गाड्यांनाच मज्जाव केला होता.

मुलांना हा पदार्थ आवडतो आणि बंदीने आवड जात नाही. म्हणून 'खाऊ नका' एवढे सांगून प्रश्न सुटत नाही. तो घरी करता आला पाहिजे. घरी करताना अडचण येते ती भाजीची नाही, सॉसची. सॉस कधी पाणचट होतो, कधी गुठळ्या होतात, कधी खारट होतो, आणि गाडीवरचा लाल रंग काही येत नाही. या पाठात आपण पाककृतीबरोबर तिच्यामागची कारणे पाहू. कारण कळले की प्रमाण पाठ करावे लागत नाही.

२. सॉस म्हणजे काय? ओळखीच्या पदार्थांतून

'सॉस' हा शब्द परका असला तरी त्यामागचा विचार आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. चिंच-गुळाची आमटी आठवा. तिच्यात आंबट, गोड, खारट आणि तिखट एकमेकांना तोलून धरतात. लग्नकार्यातल्या पानात डाव्या बाजूला वाढले जाणारे पंचामृत पाहा. चिंच, गूळ, मिरची, तीळ आणि दाण्याचे कूट यांनी ते दाट होते आणि चमचाभरच पुरते. म्हैसूरकडचा गोज्जुही याच कुळातला आहे. त्यातही चिंच-गूळ आणि मिरची असते आणि भाताबरोबर तो थोडाच घेतात.

परतलेल्या भाजीचा सॉस हेच काम दोन मिनिटांत करतो. भाजी मोठ्या आचेवर पटकन परतली जाते, म्हणून मीठ-मसाला तिच्या आत शिरायला वेळ मिळत नाही. चव बाहेरून चिकटवावी लागते. त्यासाठी सॉस चवीला तीव्र हवा आणि भाजीच्या तुकड्याला धरून राहील इतका दाट हवा. या दोन गरजांतून पुढचे सगळे नियम निघतात.

३. सॉसची सहा कामे

३.१ खारटपणा आणि भरीव चव

हे काम सोया सॉस करतो. पारंपरिक सोया सॉस सोयाबीन आणि गहू यांवर 'अ‍ॅस्परजिलस ओरायझी' नावाची बुरशी वाढवून, नंतर ते मिश्रण मिठाच्या पाण्यात काही महिने आंबवून करतात. या काळात प्रथिनांचे तुकडे होतात आणि ग्लुटामिक आम्ल मोकळे होते. जिभेला जी 'भरलेली' चव जाणवते ती त्याचीच. १९०८मध्ये जपानचे किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या काढ्यातून हा घटक वेगळा केला आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. पिकलेला टोमॅटो आणि अळिंबी यांतही तो नैसर्गिकरीत्या असतो.

सगळेच सोया सॉस असे आंबवलेले नसतात. काही स्वस्त प्रकार सोयाच्या प्रथिनांवर आम्लाची प्रक्रिया करून थोड्या दिवसांत तयार करतात आणि कॅरॅमलने त्यांना रंग देतात. बाटलीवरील घटकांची यादी वाचली की फरक कळतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, म्हणून गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने लेबल पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

आता मिठाचा हिशेब करू. १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ०.९ ग्रॅम सोडियम असते. मिठाच्या भाषेत हे सव्वादोन ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे दोन मोठे चमचे सोया सॉस चौघांत वाटला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसभराच्या मिठाचा पाचवा हिस्सा सॉसमधूनच येतो. त्यात भाजीला वेगळे मीठ, भजीच्या पिठात मीठ आणि सोबतच्या फ्राइड राइसमध्ये पुन्हा सोया सॉस घातला, की एकाच जेवणात दिवसाची मर्यादा गाठली जाते. म्हणून नियम असा : सोया सॉस घातल्यावर चव पाहिल्याशिवाय मीठ घालू नये.

३.२ गोडवा

साखर किंवा गूळ थोडाच लागतो, पण तो वगळू नये. गोडव्यामुळे आंबट आणि खारट यांची धार बोथट होते. आमटीत गुळाचा खडा टाकतात तो याचसाठी. साखर किंचित चिकटपणा आणि चकाकीही देते.

३.३ आंबटपणा

व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्ल उडून जाणारे आहे. सॉस उकळत राहिला तर त्याचा काही भाग वाफेबरोबर जातो आणि आंबटपणा फिका पडतो. म्हणून व्हिनेगर शेवटी, आच बंद करण्याच्या सुमारास घालतात. चिंचेतील टार्टारिक आम्ल उडत नाही, म्हणून चिंचेचा कोळ आधी घातला तरी चालतो. व्हिनेगर नसेल तर चिंचेचा कोळ वापरण्यास हरकत नाही. चव थोडी गोज्जुकडे झुकेल, इतकेच. लिंबू वापरायचे असेल तर तेही शेवटी, कारण शिजवल्यावर त्याचा ताजा वास राहत नाही.

३.४ वास

लसणाचा तीव्र वास अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी चिरली की आतला एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपले काम सुरू करतो आणि अ‍ॅलिसिन तयार होते. म्हणून लसूण चिरून पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि मग तेलात टाकावा. तापलेल्या तेलात तो विकर लगेच निकामी होतो, त्यामुळे चिरल्याबरोबर तेलात टाकलेल्या लसणाचा वास कमी येतो. लसूण फार बारीक चिरला तर करपतोही लवकर, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा पुढे कशानेही झाकता येत नाही.

म्हैसूरमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. कन्नडमध्ये लसणाला 'बेळ्ळुळ्ळि', गुळाला 'बेल्ल' आणि फ्लॉवरला 'हूकोसु' म्हणतात. गोंधळ होतो तो आल्याचा. कन्नडमधील 'शुंठि' म्हणजे ओले आले. आपली सुंठ हवी असेल तर 'ओण शुंठि', म्हणजे वाळलेले आले, असे मागावे लागते. या सॉसला मात्र ओले आलेच हवे.

३.५ रंग

गाडीवरचा भडक केशरी-लाल रंग मिरचीने येत नाही, म्हणून अनेक जण घरीही चिमूटभर 'खाण्याचा रंग' टाकतात. येथे कायदा समजून घेणे आवश्यक आहे. भारतात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, पण ती ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच. काही मिठायांत चालणारा रंग मंचुरियनमध्येही चालतो, असे नाही. शिवाय 'चिमूटभर' या मापाला स्वयंपाकघरात काही अर्थ उरत नाही, कारण हे रंग अत्यंत थोड्या प्रमाणात वापरण्यासाठी बनवलेले असतात.

पर्याय आपल्या हाताशी आहे. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी या गावाच्या नावाने ओळखली जाणारी मिरची तिखटाला कमी आणि रंगाला जास्त असते. तिला २०११मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी घरांत लाल तिखटासाठी ती वर्षानुवर्षे वापरली जाते. तिचा रंग ज्या रंगद्रव्यांमुळे येतो, त्यांत कॅप्सॅन्थिन हे मुख्य आहे. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. मिसळीची तर्री आठवा. लाल रंग रश्श्यात मिसळत नाही, तेलाबरोबर वर येतो.

यातून कृतीचा नियम मिळतो. ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात, गुळगुळीत वाटाव्यात आणि ते वाटण तेलात मंद आचेवर, तेल सुटेपर्यंत परतावे. वाटण थेट पाण्यात मिसळले तर सॉस फिका आणि कच्चट लागतो. तेलात परतले तर तेच वाटण सॉसभर लाल रंग पसरवते. बीट घालण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण बिटाचा रंग उष्णतेने लवकर खराब होतो, म्हणून परतलेल्या भाजीसाठी तो उपयोगाचा नाही.

घरच्या सॉसचा रंग विटेसारखा तांबूस येईल, गाडीसारखा चमचमीत केशरी येणार नाही. मुलांना हा फरक आधीच सांगून ठेवलेला बरा. चवीत काही कमी नसते.

३.६ दाटपणा

सॉस दाट होतो तो कॉर्नफ्लोअरमुळे, म्हणजे मक्याच्या स्टार्चमुळे. स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. पाणी साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते कण पाणी शोषून फुगतात आणि सॉस दाटू लागतो. पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ येतो. मैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० नव्हे, सुमारे ९७.५ अंशांवर उकळते. डाळ शिजायला या फरकाने थोडा जास्त वेळ लागतो, पण स्टार्च फुगण्यासाठी हे तापमान पुरेसे आहे. म्हणून मुंबईला शिकलेले प्रमाण येथे बदलावे लागत नाही.

कॉर्नफ्लोअर कोरडे किंवा गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या का होतात? गुठळीच्या बाहेरचे कण ताबडतोब फुगून चिकट कवच तयार होते आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. कढीसाठी बेसन आपण थंड ताकातच कालवतो आणि मग ती तापवतो, त्यामागचे कारण हेच आहे.

स्टार्चचे आणखी तीन स्वभाव लक्षात ठेवावेत. पहिला : फार वेळ उकळल्याने आणि जोरजोराने ढवळल्याने फुगलेले कण फुटतात आणि सॉस पुन्हा पातळ होतो. दुसरा : आम्लाबरोबर खूप शिजवले तर स्टार्चच्या साखळ्या तुटतात. व्हिनेगर शेवटी घालण्याचे हे दुसरे कारण. तिसरा : थंड झाल्यावर स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि पाणी बाहेर ढकलतात. फ्रीजमधल्या सॉसला पाणी सुटते ते यामुळे. ती खराबी नव्हे, पण पोत बिघडतो.

कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाची पिठी वापरता येते. सॉस थोडा धूसर होतो आणि चकाकी कमी येते. आरारूटने सॉस पारदर्शक होतो.

४. साहित्य आणि कृती

प्रमाण : चार जणांसाठी, ५०० ते ६०० ग्रॅम भाजीला. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर.

साहित्य
• सोया सॉस : २ मोठे चमचे
• पाणी किंवा भाज्या उकळलेले पाणी : १२० मिलिलिटर
• व्हिनेगर : १ मोठा चमचा
• साखर किंवा किसलेला गूळ : २ लहान चमचे
• कॉर्नफ्लोअर : १ सपाट मोठा चमचा, ३ मोठे चमचे थंड पाण्यात कालवलेले
• ब्याडगी मिरच्या : ५ ते ६
• लसूण : ८ पाकळ्या, आले : एक इंच, हिरव्या मिरच्या : २, तिन्ही बारीक चिरून
• काळी मिरी पूड : अर्धा लहान चमचा
• तेल : २ मोठे चमचे
• पातीचा कांदा : पांढरा भाग आणि पात वेगवेगळी चिरून

पूर्वतयारी

परतण्याचे काम पाच-सहा मिनिटांचे आहे. एकदा आच मोठी केली की बरणी शोधायला वेळ नसतो. म्हणून सोया सॉस, पाणी, साखर आणि मिरीपूड एका वाटीत, कालवलेले कॉर्नफ्लोअर दुसऱ्या वाटीत आणि व्हिनेगर तिसऱ्या वाटीत तयार ठेवावे. भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात. ओली भाजी कढईत पडली की आधी तिच्यावरचे पाणी उडते आणि त्यात कढईची उष्णता खर्च होते. मग भाजी परतण्याऐवजी वाफवली जाते.

कृती

१) कढईत निम्मे तेल तापवून भाजी मोठ्या आचेवर परता. घरच्या शेगडीची आच गाडीवरच्या बर्नरइतकी नसते, म्हणून भाजी दोन भागांत परता. एकदम सगळी घातली तर तिला पाणी सुटते. तीन-चार मिनिटांत, करकरीत असतानाच भाजी काढून ठेवा.

२) आच मंद करा. उरलेले तेल घाला. त्यात ब्याडगीचे वाटण तेल सुटेपर्यंत परता. मग लसूण, आले, हिरवी मिरची आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घाला. लसणाचा कच्चा वास गेला पण रंग बदलला नाही, अशा वेळी थांबा.

३) सोया सॉसचे मिश्रण घालून उकळी येऊ द्या.

४) कॉर्नफ्लोअरची वाटी पुन्हा ढवळा. ठेवून दिल्यावर स्टार्च तळाशी बसतो, हे अनेकदा विसरले जाते. एका हाताने धार सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळा. अर्ध्या ते एका मिनिटात सॉस दाट आणि चकचकीत होतो. चमच्याच्या पाठीवर तो थर धरून राहिला आणि बोटाने ओढलेली रेघ मोडली नाही, तर दाटपणा बरोबर आहे.

५) भाजी परत घाला, एकदा खालीवर करा, आच बंद करा. आता व्हिनेगर आणि कांद्याची पात घाला. चव पाहा. मीठ लागलेच तर आत्ता.

एकूण द्रव सुमारे २१० मिलिलिटर आणि त्यात ८ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे जवळपास ४ टक्के, असे हे प्रमाण आहे. कोरडे मंचुरियन हवे असेल तर पाणी निम्मे करा आणि कॉर्नफ्लोअरही निम्मे घ्या. रश्श्यासारखे हवे असेल तर दोन्ही दुप्पट करा. सोया सॉस मात्र दुप्पट करू नका. रस्सा वाढला म्हणून मीठ त्याच प्रमाणात वाढवण्याची गरज नसते.

लोखंडी कढई वापरत असाल तर पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. आंबट सॉस लोखंडात राहिला की काळपट होतो आणि धातूची चव येते.

५. नेहमीचे बिघाड आणि त्यांची कारणे

• गुठळ्या झाल्या : कॉर्नफ्लोअर गरम द्रवात थेट पडले किंवा वाटी ढवळली नाही. सॉस गाळून घ्या आणि लागल्यास नव्याने कालवलेले कॉर्नफ्लोअर थोडे घाला.
• दाट झालेला सॉस पातळ झाला : जास्त वेळ उकळला किंवा व्हिनेगर आधी पडले.
• दाटच होत नाही : उकळी आलेली नाही. आणखी पीठ घालण्याआधी सॉस उकळू द्या.
• कडवट लागतो : लसूण किंवा मिरचीचे वाटण करपले. हा सॉस सुधारत नाही, नव्याने करावा.
• खारट झाला : पाणी आणि भाजी वाढवा. बटाटा टाकल्याने मीठ 'ओढले' जाते असे म्हणतात, पण बटाटा जेवढे खारट पाणी शोषतो तेवढेच मीठ त्यात जाते. उरलेला सॉस तेवढाच खारट राहतो.

६. साठवण : सर्वांत महत्त्वाचा भाग

घरी केलेला सॉस बाटलीबंद सॉसइतका टिकत नाही. बाजारातील सॉसमध्ये मीठ, साखर आणि आम्ल यांचे प्रमाण मोजून ठरवलेले असते आणि अनेकदा परिरक्षकही असतात. आपल्या सॉसमध्ये पाणी जास्त आणि आम्ल कमी असते. जंतूंना वाढण्यासाठी हेच हवे असते.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती लसणाची. लसूण जमिनीत वाढतो आणि मातीत 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. जेथे हवा नाही, आम्लता कमी आहे, म्हणजे पीएच ४.६च्या वर आहे आणि तापमान खोलीचे आहे, तेथे ते वाढतात आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करतात. तेलात बुडवलेला लसूण या सगळ्या अटी पूर्ण करतो. १९८५मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली. धोका असा की अशा पदार्थाचा वास किंवा चव बदललेली असेलच असे नाही. 'वास घेऊन पाहू' ही आपली नेहमीची परीक्षा येथे कामाची नाही.

मग लोणच्यातला लसूण कसा टिकतो, असा प्रश्न तुम्हाला पडेल. लोणच्यात भरपूर मीठ आणि लिंबाचे किंवा व्हिनेगरचे आम्ल असते. नुसत्या तेलाने लसूण सुरक्षित होत नाही. मीठ आणि आम्ल त्याला सुरक्षित करतात.

यावरून पुढील नियम पाळावेत.
• शिजवलेला, लसूण आणि कॉर्नफ्लोअर घातलेला सॉस थंड होताच फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. पुन्हा वापरताना चांगली उकळी आणावी.
• आले-लसूण तेलात घालून ओट्यावर बरणी भरून ठेवू नये.
• सवड असेल तेव्हा फक्त सोया सॉस, व्हिनेगर आणि साखर एकत्र करून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवावे. यात पाणी, लसूण आणि कॉर्नफ्लोअर घालू नये. मीठ आणि आम्ल भरपूर असल्याने हे मिश्रण दोन आठवडे चांगले राहते. आयत्या वेळी लसूण चिरायचा, पाणी घालायचे, कॉर्नफ्लोअर कालवायचे. व्हिनेगर आधीच मिसळलेले असल्याने उकळी अगदी थोडी द्यावी आणि शेवटी थेंबभर ताजे व्हिनेगर घालावे.

या तिसऱ्या पद्धतीने आठवड्याच्या मधल्या दिवशीही पंधरा मिनिटांत पदार्थ तयार होतो. गाडीकडे पाय वळतात ते बहुतेक वेळा वेळ नसल्यामुळे. तो वेळ असा वाचवता येतो.

७. बाटलीचे लेबल वाचताना

सोया सॉस विकतच आणावा लागतो. अनेक घरांत त्याबरोबर चिली सॉस आणि टोमॅटो केचपही वापरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर मिसळके आयएनएस क्रमांकाने लिहिलेली असतात. पुढील क्रमांक ओळखीचे असावेत.

• १०२ : टारट्राझिन, पिवळा कृत्रिम रंग
• ११० : सनसेट यलो, केशरी कृत्रिम रंग
• १२२ : कार्मोइसिन, लाल कृत्रिम रंग
• १५० : कॅरॅमल, तपकिरी रंग. पुढे क, ड अशा उपप्रकारांची अक्षरे असतात
• २११ : सोडियम बेंझोएट, परिरक्षक
• ४१५ : झँथन गम, दाटपणासाठी
• ६२१ : मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे बोलीभाषेतील अजिनोमोटो

क्रमांक दिसला म्हणजे पदार्थ घातक, असा अर्थ नाही. आपण काय खातो आहोत हे कळावे, यासाठी तो क्रमांक असतो. ६२१बद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यात वजनाच्या सुमारे १२ टक्के सोडियम असते, तर साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. ज्याला मीठ मोजायचे आहे त्याने आधी सोया सॉसच्या चमच्याकडे पाहावे.

८. सारांश

सॉस म्हणजे खारट, गोड, आंबट, वास, रंग आणि दाटपणा या सहा कामांची जुळणी. सोया सॉसमध्येच मीठ असते, म्हणून वरचे मीठ शेवटी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून वाटण तेलात परतावे. स्टार्च थंड पाण्यात कालवावा आणि उकळीला दाट करावा. व्हिनेगर उडते, म्हणून ते अखेरीस. लसूण घातलेला सॉस फ्रीजमध्येच आणि तीन दिवसच. एवढे सांभाळले तर रंगाच्या पुडीची गरज उरत नाही.

९. स्वाध्याय

अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. कढीतील बेसन आणि सॉसमधील कॉर्नफ्लोअर थंड द्रवातच का कालवतात?
२. व्हिनेगर शेवटी घालण्याची दोन कारणे द्या.
३. सहा जणांसाठी तीन मोठे चमचे सोया सॉस वापरल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सॉसमधून किती मीठ येईल?
४. लसणाचे लोणचे टिकते, पण तेलातला लसूण बाहेर ठेवू नये. का?

आ) घरी करून पाहा.
१. दोन वाट्यांत प्रत्येकी एक लहान चमचा ब्याडगी तिखट घ्या. एकीत गरम पाणी आणि दुसरीत कोमट तेल घाला. दहा मिनिटांनी दोन्हींच्या रंगाची तुलना करा.
२. एकाच प्रमाणाचा सॉस दोन भांड्यांत करा. एकात व्हिनेगर सुरुवातीला आणि दुसऱ्यात शेवटी घाला. दोन्ही पाच मिनिटे उकळा आणि दाटपणा व आंबटपणा यांची नोंद करा. दुसऱ्या भांड्यात व्हिनेगर पाच मिनिटांनंतर, आच बंद करताना घालावे.
३. घरातील सॉसच्या सर्व बाटल्यांवरील आयएनएस क्रमांक वहीत उतरवा आणि त्यांतील रंग कोणते, परिरक्षके कोणती, हे वेगळे करा.